परिषदेचे भय आणि बाबासाहेबांची वाणी



जयंतीच्या कार्यक्रमात, विहारातल्या बैठकीत, कॉलेजच्या सेमिनारमध्ये आपण एक गोष्ट वारंवार पाहतो. ज्याने पुस्तके वाचलेली असतात, ज्याला विषय ठाऊक असतो, तोच माईक समोर आला की मागे सरकतो. घसा कोरडा पडतो, हात थरथरतात. आपले मराठी गावठी आहे, इंग्रजी कच्चे आहे, लोक हसतील, असे मनात येते. मग तेच ते चार वक्ते बोलतात आणि बाकीचे टाळ्या वाजवून घरी जातात. हा प्रश्न जयंतीपुरता असता तर एक वेळ चालले असते. पण ग्रामसभेत घरकुलाच्या यादीवर बोलायचे असते, तहसील कार्यालयात दाखल्यासाठी भांडायचे असते, अत्याचाराच्या प्रकरणात पोलीस ठाण्यात उभे राहून फिर्याद द्यायची असते. तिथे आवाज फुटला नाही तर नुकसान एकट्याचे होत नाही, सगळ्या वस्तीचे होते.

ही भीती आजची नाही. अंगुत्तर निकायाच्या नवक निपातात तथागतांनी पाच भये सांगितली आहेत: उपजीविकेचे भय, अपकीर्तीचे भय, परिषदेत बुजण्याचे भय, मरणाचे भय आणि दुर्गतीचे भय. सभेतल्या या भयाला पालीत परिससारज्जभय म्हणतात. चारचौघांत उभे राहण्याची भीती तथागतांनी मरणाच्या भीतीच्या रांगेत बसवली आहे, म्हणजे ती किरकोळ नाही हे त्यांना माहीत होते. त्याच सुत्तात या पाचही भयांवर उपाय म्हणून चार बले सांगितली आहेत. ती म्हणजे प्रज्ञा, वीर्य, अनवद्य आणि संग्रह. समज, परिश्रम, निर्दोष आचरण आणि लोकांना जोडून घेण्याची शक्ती.

ही चार बले एका माणसाच्या आयुष्यात कशी उभी राहिली हे पाहायचे असेल तर आपल्याला लांब जायला नको. आपण बाबासाहेबांची भाषणे वाचतो आणि समजतो की ते जन्मजात वक्ते होते. ही समजूत आपल्याला सोयीची आहे. ते जन्मजात वक्ते ठरले की आपण गप्प राहायला मोकळे होतो. त्यांचे चरित्र मात्र वेगळे सांगते.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. साताऱ्याच्या शाळेत त्यांना वर्गातल्या मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावायची परवानगी नव्हती. शिपायाने नळ सोडला तरच पाणी, शिपाई नसला तर पाणीही नाही. ज्या मुलाला पाणी मागण्यासाठीही दुसऱ्याच्या मर्जीकडे पाहावे लागते, त्याला तोंड उघडण्याची सवय कशी लागणार?

पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये एक प्रसंग घडला. शिक्षकांनी त्यांना गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावले. त्याबरोबर वर्गात गोंधळ उडाला. इतर मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. भीमरावांचा स्पर्श फळ्याला झाला तर डबे बाटतील म्हणून मुले धावली आणि डबे बाजूला फेकू लागली. हा सगळा प्रकार डोळ्यांसमोर घडत असताना तो मुलगा फळ्यापर्यंत गेला आणि त्याने गणित सोडवले. सगळ्या वर्गाच्या नजरा आपल्यावर रोखलेल्या असताना पुढे जाणे म्हणजे काय, याचा पहिला धडा त्यांना इथे मिळाला.

संस्कृत शिकण्याची त्यांची इच्छा होती, पण ते दार बंद असल्यामुळे पर्शियन घ्यावी लागली. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. आज गुणपत्रिका पाहून स्वतःला कमी लेखणाऱ्या विद्यार्थ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. वडील सुभेदार रामजी यांनी मात्र मुलाची योग्यता गुणांवरून ठरवली नाही. पुस्तकांसाठी पैसे नसले की ते लग्न झालेल्या मुलींकडे जात. प्रसंगी मुलीचा दागिना गहाण पडे, पण पुस्तक घरात येई. बाबासाहेबांच्या वाणीमागे त्या बहिणींचे दागिनेही आहेत हे आपण विसरतो.

१९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये त्यांनी भारतातील जातींच्या उगमावर निबंध वाचला. वय होते २५ वर्षे. ज्या गोष्टीने शाळेत त्यांना गोणपाटावर बसवले होते, तिचीच चिकित्सा ते परक्या देशातल्या अभ्यासकांसमोर करत होते. अनुभव अंगावरचा होता, पण त्यांनी मांडणी अभ्यासाची केली.

आता एवढे शिकल्यावर भीती संपली असेल, असे वाटेल. पण तसे झाले नाही. १९१७ मध्ये ते बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. शहरात राहायला कोणी जागा देईना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नावाची नोंद करून राहावे लागले. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले पारशी लोक खोलीसमोर येऊन उभे राहिले आणि तू कोण आहेस, इथे का आलास, असे प्रश्न विचारू लागले. कोलंबियात विद्वानांसमोर बोलणारा तो तरुण त्या दिवशी काही बोलू शकला नाही. तो गप्प उभा राहिला. संध्याकाळपर्यंत खोली सोडावी लागली आणि बडोदेही सुटले. वेटिंग फॉर अ व्हिसा या आपल्या आठवणींच्या टिपणांत बाबासाहेबांनी हे मौन लपवलेले नाही. स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे.

या प्रसंगापाशी आपण थोडे थांबले पाहिजे. त्या दिवशी त्यांच्याकडे ज्ञान होते, पदवी होती, भाषा होती. मग शब्द का अडले? समोर काठ्या होत्या हे एक कारण. दुसरे कारण आपल्या जवळचे आहे. दुसऱ्याचे नाव लावून राहण्याची पाळी समाजाने त्यांच्यावर आणली होती, आणि ओळख झाकलेली असताना उत्तर देता येत नाही. आजही शहरात भाड्याने खोली घेताना, कंपनीत नोकरी करताना आपली मुले आडनाव टाळतात, गळ्यातले लॉकेट शर्टाच्या आत ठेवतात, निळ्या झेंड्याबद्दल कोणी बोलले की विषय बदलतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण काठ्या आजही आहेत, फक्त दिसत नाहीत. पण एवढे खरे की ओळख झाकून राहण्यात जी शक्ती खर्च होते ती बोलण्याच्या शक्तीतूनच वजा होते. बाबासाहेब यानंतर ज्या ज्या मोठ्या व्यासपीठावर बोलले, तिथे आपण अस्पृश्य समाजातून आलो आहोत हे पुढे ठेवूनच बोलले. अनवद्यबल ते हेच. झाकण्यासारखे काही उरले नाही की समोरच्याच्या हातात आपल्याविरुद्ध वापरायला काही उरत नाही.

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. सुरुवातीला विद्यार्थ्यांनी त्यांना फारसे मोजले नाही. अस्पृश्य प्राध्यापक काय शिकवणार, अशी भावना होती. प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठाला त्यांनी हात लावू नये म्हणून काही सहकाऱ्यांनीही हरकत घेतली. अशा वर्गात रोज उभे राहून बोलायचे होते. बाबासाहेबांनी भांडत बसण्यापेक्षा तयारी वाढवली. विषयाची खोली लक्षात आल्यावर तेच विद्यार्थी कान देऊ लागले आणि पुढे दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थीही त्यांची व्याख्याने ऐकायला येऊन बसू लागले. वर्गाचे मन एका तासात बदलले नव्हते. अनेक तासांच्या तयारीने बदलले होते.

याच काळात, २७ जानेवारी १९१९ रोजी, मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. वय होते २७. अस्पृश्यांना मताधिकार आणि स्वतःचे प्रतिनिधी का हवेत, हे त्यांनी लेखी निवेदन देऊन आणि प्रश्नांना उत्तरे देऊन मांडले. साक्ष देणे हे भाषणापेक्षा अवघड असते. भाषणात आपण आपल्या क्रमाने बोलतो, साक्षीत समोरचा मध्येच अडवतो. जो मुद्दा पाठ असतो तो तिथे कोसळतो, आणि जो समजलेला असतो तोच टिकतो.

३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक निघाला. नावच पाहा, मुक्यांचा नायक. पत्राच्या शिरोभागी तुकोबांचा एक अभंग छापला जाई. भीड सोडून, शंका न धरता बोलले पाहिजे, मुक्या माणसाची दखल जगात कोणी घेत नाही आणि लाजून कोणाचे भले होत नाही, असा त्याचा आशय. बाबासाहेब सरकारी कॉलेजात नोकरीला असल्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते. या पत्राची जाहिरात पैसे देऊनही छापायला केसरीने नकार दिला. दुसऱ्याच्या व्यासपीठावर जागा मिळत नसेल तर आपले व्यासपीठ उभे करावे लागते, हा धडा त्यातून निघाला. राजर्षी शाहू महाराजांनी या पत्राला अडीच हजार रुपयांची मदत केली.

दोनच महिन्यांनी, २१ आणि २२ मार्च १९२० रोजी, कोल्हापूर संस्थानातल्या माणगावात परिषद भरली. अध्यक्ष होते बाबासाहेब. शाहू महाराज स्वतः आले आणि हा तुमचा नेता आहे असे लोकांना सांगून गेले. समोर विद्यापीठाचे श्रोते नव्हते, खेड्यापाड्यांतून पायी आलेले लोक होते. त्यांच्याशी बोलताना न्यूयॉर्कची भाषा उपयोगाची नव्हती. प्रज्ञा घरात पुस्तकाजवळ मिळते, पण संग्रहबल लोकांत गेल्याशिवाय येत नाही.

त्यानंतर ते पुन्हा लंडनला गेले. तिथेही सगळे सरळ झाले नाही. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध परीक्षकांनी १९२३ मध्ये फेरलेखनासाठी परत केला. हातात पैसे नव्हते म्हणून ते मुंबईला आले आणि इथून प्रबंध दुरुस्त करून पाठवला. त्याच वर्षी डी.एस्सी. मिळाली. प्रबंध परत आला म्हणून आपण अपात्र आहोत असा अर्थ त्यांनी काढला नाही. काम पुन्हा करायचे आहे एवढाच अर्थ काढला. आपल्यापैकी किती जण पहिल्या फसलेल्या भाषणानंतर पुन्हा कधी उभेच राहत नाहीत!

१९२७ हे वर्ष आपल्या सर्वांना पाठ आहे. त्या वर्षी ते मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर आकडेवारीनिशी बोलू लागले आणि त्याच वर्षी मार्चच्या १९ आणि २० तारखेला महाडला परिषद झाली. महाडात त्यांनी लोकांना मेलेल्या जनावरांचे मांस सोडा, शिळ्या तुकड्यांसाठी हात पसरू नका, मुलांना शिकवा, असे साध्या मराठीत सांगितले. दुसऱ्या दिवशी लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नंतर सनातन्यांनी हल्ला केला, आपले लोक जखमी झाले. बदला घ्यायला तयार असलेल्या जमावाला बाबासाहेबांनी शांत ठेवले. वक्त्याची खरी परीक्षा टाळ्यांच्या वेळी होत नाही. लोक चिडलेले असताना त्यांना आवरणारा शब्द कामाला येतो, आणि तो शब्द वापरायला जास्त धैर्य लागते.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले आणि बाबासाहेब स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलले. राहणीवरून, लुगडे नेसण्याच्या पद्धतीवरून, दागिन्यांवरून जात ओळखू येते ती खूण पुसून टाका, असे त्यांनी समजावले. बायकांनी ते लगेच अमलात आणले. पुढे जुलै १९४२ मध्ये नागपूरला महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि सुमारे २५ हजार स्त्रिया जमल्या होत्या. बाबासाहेबांनी स्वतःचा आवाज कमावला आणि इतरांना बोलते केले. त्यांच्या चळवळीत स्त्रिया ऐकायला बसल्या होत्या तशाच अध्यक्षस्थानीही बसल्या होत्या.

२० नोव्हेंबर १९३० रोजी लंडनच्या गोलमेज परिषदेत ते बोलायला उभे राहिले. अस्पृश्यांचे प्रतिनिधी दोनच होते, बाबासाहेब आणि रावबहादूर श्रीनिवासन. समोर ब्रिटिश मंत्री, संस्थानिक, देशातले नामवंत कायदेपंडित. श्रोत्यांत बडोद्याचे सयाजीराव गायकवाडही होते. ज्या शहरात एके काळी काठ्यांसमोर गप्प उभे राहावे लागले, त्याच संस्थानचे महाराज आता ऐकत होते. बाबासाहेबांनी सरळ हिशेब मांडला. इंग्रज येण्यापूर्वी अस्पृश्यांना विहिरीवर पाणी भरता येत नव्हते, देवळात जाता येत नव्हते, आणि आजही येत नाही, मग या राज्याने आमचे काय केले, असा त्यांचा प्रश्न होता. शब्द साधे, मुद्दे मोजके, पुरावा रोजच्या जगण्यातला. राज्यकर्त्यांच्याच देशात त्यांच्याच तोंडावर हे सांगायला भाषेपेक्षा खात्री जास्त लागते.

१९३६ चे एक भाषण तर झालेच नाही. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले, लिखित भाषण वाचून मंडळी घाबरली आणि काही मजकूर गाळा म्हणू लागली. बाबासाहेबांनी त्यातला स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली. त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले, त्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. जातिसंहाराविषयीचे ते न झालेले भाषण आज जगभर वाचले जाते. पंधरा वर्षांनी, ऑक्टोबर १९५१ मध्ये, मंत्रिपदाच्या राजीनाम्यावरचे निवेदन करण्याआधी त्याची प्रत मागण्यात आली, तेव्हा ते लोकसभेपूर्वीच्या त्या संसदेतून उठून बाहेर आले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिले. माईक मिळावा म्हणून मुद्दा सोडायचा नाही, एवढे यातून आपण घ्यावे.

१७ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत त्यांचे नाव अचानक पुकारले गेले. आपल्या आधी वीस-बावीस वक्ते आहेत, तयारीला वेळ मिळेल, असे त्यांना वाटले होते. तसे त्यांनी सभागृहात मोकळेपणाने सांगितलेही. मग ते बोलू लागले. सभागृहातले बहुसंख्य त्यांना विरोधक मानत होते. पण आज आपण विभागलेले असलो तरी हा देश एक होईल अशी खात्री त्यांनी व्यक्त केली आणि मुस्लिम लीगला सोबत घेण्यासाठी धीराने पावले टाकावीत असे सुचवले, तेव्हा तेच सदस्य लक्षपूर्वक ऐकू लागले. ते भाषण आयत्या वेळचे होते, पण त्यामागे तीस वर्षांची तयारी होती.

पुढे ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. या चर्चेत सरकारची बाजू मांडण्याचा मोठा भार त्यांच्यावर होता आणि प्रकृती साथ देत नव्हती. २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात त्यांनी सांगितले की आपण फक्त अनुसूचित जातींच्या हितरक्षणासाठी या सभेत आलो होतो, मसुदा समितीवर निवड झाली तेव्हा आश्चर्य वाटले आणि अध्यक्ष केले तेव्हा तर त्याहून जास्त. आपल्याहून मोठी, अधिक लायक माणसे समितीत होती असेही ते म्हणाले. आत्मविश्वास म्हणजे स्वतःला सर्वांत मोठे समजणे नव्हे. दुसऱ्याची थोरवी मान्य करूनही आपले काम चोख करता येते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. शरीर थकले होते, उभे राहायला काठी आणि सोबत्याच्या खांद्याचा आधार लागत होता. तरीही १५ ऑक्टोबरला त्यांनी धम्म का स्वीकारला हे लोकांना सविस्तर समजावले. नोव्हेंबरमध्ये काठमांडूला जगभरच्या बौद्धांपुढे बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर बोलले. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. अखेरच्या काही आठवड्यांपर्यंत हा आवाज कामात होता.

मित्रांनो, हे चरित्र आपण अभिमानाने सांगतो. पण ते सांगून आपण मोकळे होतो का, हाही प्रश्न आहे. प्रज्ञाबल हवे असेल तर बोलण्याआधी वाचावे लागेल. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या लेखन आणि भाषणे या मालिकेच्या अठराव्या खंडात, तीन भागांत, बाबासाहेबांची मराठी भाषणे आहेत. त्यातले एक पान रोज मोठ्याने वाचले तरी जिभेला वळण लागते. वीर्यबल म्हणजे फसले तरी पुन्हा उभे राहणे. अनवद्यबल म्हणजे खरे तेवढेच बोलणे, आपली ओळख आणि आपले आचरण झाकावे लागणार नाही असे जगणे. संग्रहबल म्हणजे एकट्याने न जाता चौघांनी मिळून जाणे. ग्रामसभेत किंवा पोलीस ठाण्यात बोलायचे असेल तर आदल्या दिवशी तारीख, ठिकाण, घडलेला प्रकार कागदावर लिहावा, एकमेकांना प्रश्न विचारून उत्तरांचा सराव करावा. साउथबरो समितीपुढे जाताना बाबासाहेबांनीही आधी निवेदन लिहिलेच होते.

आणि एक विनंती विहार समित्यांना आणि ज्येष्ठ कार्यकर्त्यांना. माईक चार हातांतच फिरत राहिला तर नवा वक्ता कुठून येईल? दर रविवारच्या वंदनेनंतर दोन तरुणांना पाच-पाच मिनिटे द्या, त्यात एक मुलगी असू द्या. अडखळले तर हसू नका, मध्ये थांबवू नका. बोलून झाल्यावर काय चांगले होते ते आधी सांगा. मूकनायक निघाला त्याला शंभर वर्षे उलटून गेली. ज्यांच्यासाठी तो निघाला त्यांची मुले आपल्याच विहारात मुकी बसून राहणे आपल्याला परवडणारे नाही.

येत्या रविवारी आपापल्या विहारात हे सुरू करू या.

नमो बुद्धाय! जय भीम!